स्पे नदीवर गिलीबरोबरचा आठवडा: स्प्रिंग सामन, सी ट्राउट आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची रोह्याची, आता अ‍ॅबरडीनला असते, आणि मे महिना संपत आला की रजा टाकून स्पे नदीवर मासे गरवायला जाते हे एव्हाना सगळ्या नातेवाइकांना, ऑफिसातल्या मराठी मंडळींना आणि आईच्या भजनी मंडळालाही कळलंय. फोनवर दरवेळी तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. क्रम असा काही नाही, आठवेल तसं लिहिलंय.

गिली म्हणजे कोण? गाइडच ना?

गाइड म्हटलं तर गाइड, पण गाइड तुमच्याबरोबर येतो आणि तुमच्याबरोबर जातो, गिली मात्र त्या नदीचाच असतो. सामन म्हणजे समुद्रातून अंडी घालायला नदीत चढणारा मासा. स्कॉटलंडमधल्या सामनच्या नद्या तुकड्यातुकड्यांत वाटलेल्या आहेत, एकेका तुकड्याला बीट म्हणतात, प्रत्येक बीटचा मालक वेगळा, आणि ते बीट सांभाळायला ठेवलेला माणूस म्हणजे गिली. हिवाळ्यात पुरानं खाल्लेला काठ दुरुस्त करायचा, झोपडीचं छप्पर बघायचं, वाटेवर आलेल्या फांद्या तोडायच्या, होडीला रंग द्यायचा, काठावर माजलेलं जायंट हॉगवीड काढायचं (त्याचा चीक अंगाला लागून ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी होते, त्याच्या जवळही जाऊ नका), आणि सीझन सुरू झाला की पाहुण्यांना कुठल्या दगडापासून कुठल्या झाडापर्यंत गरवायचं, कुठली फ्लाय (पिसं-धागे बांधलेला गळ) लावायची, किती लांब फेकायचं ते सांगायचं. मासा लागला की जाळं घेऊन पाण्यात उतरायचं. आणि मासा लागला नाही की गप्पा मारायच्या, हे शेवटचं काम सगळ्यात जास्त वेळ चालतं.

आमचे गिली साठी ओलांडलेले आहेत. बोलतात कमी. समोर लॉर्ड असो, डॉक्टर असो की माझ्यासारखी तेल कंपनीतली, सगळ्यांना एकाच सुरात "अजून दोन पावलं खाली" म्हणतात. त्यांना नोकरासारखं वागवणारा माणूस त्यांना पहिल्या तासात कळतो, मग ते त्याला सगळं बरोबरच सांगतात पण एक अक्षर जास्तीचं सांगत नाहीत. नुकसान त्याचंच. कारण खरा माल त्या जास्तीच्या अक्षरांतच असतो, की बाबा तो डावीकडचा दगड दिसतोय ना, पाणी उतरलं की त्याच्या मागे नाही तर पुढे मासा थांबतो.

स्पे नदीच का? ती आहे कुठे?

स्कॉटलंडच्या उत्तरेला. लॉक स्पे नावाच्या छोट्याशा तळ्यातून निघते, केर्नगॉर्म डोंगरांचं पाणी घेत एव्हीमोर, ग्रँटाउन, अ‍ॅबरलाउर, क्रेगेलाखी, फॉकाबर्स अशी गावं घेत स्पे बेला मरे फर्थच्या समुद्राला मिळते. सुमारे १७२ किलोमीटर लांब. बहुतेक नद्या समुद्राजवळ आल्या की सुस्तावतात, ही उलट खाली येते तशी जोर धरते, त्यामुळे संथ डोह कमी आणि धावतं पाणी जास्त, आणि फ्लायवर गरवायला धावतं पाणीच लागतं. क्रेगेलाखीला थॉमस टेलफर्डनं बांधलेला १८१४ सालचा लोखंडी पूल आहे, तो बघायलाच कितीतरी लोक येतात. दोन्ही काठांना व्हिस्कीच्या डिस्टिलऱ्या, वारा पडला की तो आंबूस गोड वास थेट पाण्यावर येतो. आमचा बीट क्रेगेलाखीच्या थोडा वर आहे, नाव सांगत नाही, आधीच बुकिंग मिळत नाही!

मे महिन्यात कसला स्प्रिंग?

इथे मे म्हणजे स्प्रिंगच हो. झाडांना नुकती पालवी, आणि डोंगरमाथ्यावर चुकार बर्फाचे पट्टे. स्पेचा सीझन ११ फेब्रुवारीला उघडतो आणि ३० सप्टेंबरला बंद होतो. प्रत्येक नदीची तारीख वेगळी, टे १५ जानेवारीला उघडते (केनमोरला पाइप बँड लावून मिरवणूक काढतात, होडीवर व्हिस्की ओततात), डी १ फेब्रुवारीला.

वर्षाच्या सुरुवातीपासून मेपर्यंत जो सामन समुद्रातून नदीत शिरतो तो स्प्रिंग सामन किंवा नुसतं स्प्रिंगर. हा मासा समुद्रात दोन, कधी तीन हिवाळे काढून, पार ग्रीनलंडकडे चरून आलेला असतो, म्हणून मोठा, जाड, चांदीसारखा चकचकीत. अंडी मात्र तो घालणार ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पुढे. म्हणजे सहा-आठ महिने आधीच येऊन नदीत बसून राहतो, आणि त्या सगळ्या काळात काही खात नाही.

खात नाही तर गळाला कसा लागतो?

हा प्रश्न माझ्या बाबांचा, आणि सगळ्यात चांगला प्रश्न आहे. पक्कं उत्तर कुणाकडेच नाही. कोणी म्हणतं चिडून तोंड मारतो, कोणी म्हणतं समुद्रातली खायची सवय अंगात उरलेली असते, कोणी म्हणतं लहानपणी याच नदीत किडे खाल्ले त्याची आठवण. आमच्या गिलींना विचारलं तर ते म्हणतात, मला कळलं असतं तर मी गिली राहिलो असतो का? मुद्दा एवढाच की भुकेल्या माशाला आमिष दाखवणं हा प्रकार इथे नाहीच. लोणावळ्याच्या वळवण तलावावरचा महाशीर माहीत असणारे विचारतात की तसंच का, तर नाही, महाशीर पोटासाठी तोंड उघडतो. इथे भूक नसलेल्या माशाचं मन वळवायचं असतं, आणि दहा मासे समोर असले तरी दहाही ढुंकून बघत नाहीत असे दिवस खूप.

आठवडा सोमवार ते शनिवारच का? रविवारी का नाही?

कायदा. स्कॉटलंडमध्ये रविवारी सामन आणि सी ट्राउट गरवायला बंदी आहे. गिलींना सुट्टी, माशांनाही.

सारखं पाणी पाणी काय करता?

कारण सगळं त्यावरच आहे. कोकणातल्या, रायगड-ठाण्याकडच्या लोकांना हे समजवावं लागत नाही, पहिल्या पावसात वलगणीचे मासे कसे ओढ्याच्या पाण्यावर उलटे चढतात ते आपण लहानपणापासून बघितलंय. सामनचंही तसंच, पाऊस पडून नदी फुगली की खाली समुद्राच्या तोंडाशी थांबलेले मासे वर सुटतात. पण फुगलेल्या गढूळ पाण्यात ते पळत असतात, थांबत नाहीत, आणि फ्लाय त्यांना दिसतही नाही. पाणी चढत असताना बहुधा काही होत नाही. मग पाऊस थांबतो, पाणी उतरायला लागतं, निवळायला लागतं, तळाचे दगड पुसट दिसायला लागतात, मासे दमून डोहाच्या खालच्या टोकाशी किंवा दगडामागे विसावतात, तो दीड-दोन दिवसांचा काळ म्हणजे सोनं. त्यानंतर पाणी फार खाली गेलं, वर ऊन पडलं, की परत ठणठण गोपाळ.

झोपडीसमोर पाण्यात एक आकडे रंगवलेली पट्टी रोवलेली आहे. गिली सकाळी आले की हॅलो म्हणायच्या आधी तिच्याकडे बघतात. आता सेपा म्हणजे इथल्या सरकारी पर्यावरण संस्थेच्या वेबसाइटवर नदीची पातळी मोबाइलवर दिसते, आम्ही सगळे रात्रभर तोच ग्राफ बघत बसतो, पण गिली म्हणतात ग्राफ किती पाणी आलं ते सांगतो, कुठून आलं ते नाही. डोंगरावरचा बर्फ वितळून आलेलं पाणी आणि खालच्या शेतांवरच्या पावसाचं पाणी, दोन्हीनं पट्टी तेवढीच चढते, पण बर्फाचं पाणी गार असतं आणि गार पाण्यात मासा आळशी. म्हणून पट्टीनंतर थर्मामीटर. पाणी पाच-सहा अंशांवर असेल तर जड, मोठी फ्लाय आणि बुडणारी लाइन, तळाजवळून हळूहळू न्यायची. दहाच्या वर गेलं की तरंगती लाइन आणि बारीक फ्लाय, मासा स्वतः वर येतो. वीस अंशांच्या आसपास गेलं तर गरवणंच थांबवायचं, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी, झुंजून दमलेला मासा सोडला तरी जगत नाही.

एक अख्खा आठवडा कसा जातो ते सांग ना

प्रत्येक आठवडा वेगळा, पण गेल्या वर्षीचा सांगते.

सोमवारी सकाळी नऊला झोपडीवर पोचलो तर नदी फुगलेली, तपकिरी, वरून फांद्या वाहतायत. शनिवारी-रविवारी डोंगरात पाऊस झालेला. गिलींनी पट्टी बघितली, थर्मामीटर टाकला, आणि किटली ठेवली. आम्ही उतावीळ, आठवड्याचे पैसे भरलेले, आम्हाला लगेच पाण्यात उतरायचं. त्यांनी अडवलं नाही, फक्त कुठे उतरायचं नाही ते दाखवलं आणि सगळ्यांना काठाकाठानंच गरवायला लावलं, कारण अशा पाण्यात मासा मधल्या धारेत कशाला दमेल, तो काठाच्या संथ पाण्यातून वर जातो. म्हणजे आपण जिथे उभे राहतो तिथेच मासा असतो, आणि आपण लांब लांब फेकत बसतो. दुपारपर्यंत काही नाही. जेवण झोपडीतच, शेगडी पेटलेली, सूप, ब्रेड, ओल्या मोज्यांचा वास. मी थेपले नेते, गिलींना लोणच्याशिवाय आवडतात.

मंगळवारी पाणी उतरायला लागलं. आम्ही चार रॉड म्हणजे चार माणसं, सकाळी दोघं वरच्या डोहांवर, दोघं खालच्या, जेवणानंतर अदलाबदल, त्यात कुणी कुरकुर करायची नाही. दिवसभर कुठे ना कुठे मासा उडी मारत होता आणि दरवेळी सगळे त्या दिशेला वळायचे. गिली म्हणाले उडी मारणारा मासा वर निघालेला असतो, तो फ्लाय तोंडात घेत नाही, नुसता न दिसणारा घेतो. मग काय करायचं, जे दिसत नाही त्याच्यावर विश्वास ठेवून फेकत राहायचं.

बुधवारी मासा लागला. मला नाही, आमच्यातल्या एका रिटायर्ड शिक्षिकेला, बारा पौंडांच्या आसपासचा स्प्रिंगर, शेपटीजवळ अजून समुद्रातल्या उवा चिकटलेल्या. उवा दिसल्या की सगळे खूश, कारण गोड्या पाण्यात त्या थोड्याच दिवसांत गळून पडतात, म्हणजे मासा ताजा, परवा-तेरवा समुद्रात होता. वीसेक मिनिटं चाललं. गिली गुडघाभर पाण्यात जाळं बुडवून नुसते उभे होते, जाळं हलवलं नाही, मासा दमून स्वतःहून त्यावर आला तेव्हा उचललं. पाण्याबाहेर मात्र काढला नाही. फोटो तसाच, अर्धा पाण्यात. मग एका हातानं शेपटीच्या मुळाशी धरून, दुसरा हात पोटाखाली, तोंड धारेकडे करून धरून ठेवला, कल्ले उघडतायत मिटतायत, उघडतायत मिटतायत, आणि शेपटीनं हाताला हिसका दिला तेव्हा सोडला. बाईंचे हात नंतर अर्धा तास थरथरत होते, चहा सांडला. झोपडीतल्या वहीत तारीख, डोह, फ्लाय, वजन अंदाजे, पाण्याची पातळी, सगळं गिलींनी लिहिलं. अख्ख्या आठवड्यात चौघांत मिळून तेवढा एकच सामन.

गुरुवारी-शुक्रवारी कडक ऊन, पाणी खाली आणि आरशासारखं. सामन बंद. आम्ही दिवसा झोपलो आणि रात्री सी ट्राउटला गेलो, ते खाली वेगळं लिहिते कारण ते माझं लाडकं आहे. शनिवारी ढग आले, वारा आला, सगळ्यांना वाटलं आज होणार, आणि काही झालं नाही.

सहा दिवसांत एकच? आणि त्याला पैसे देता?

हो. माशाचे पैसे देत नाहीच आपण, नदीवर उभं राहायचे आणि ती नदी ओळखणारा माणूस शेजारी असण्याचे देतो. गिली नसता तर तो एकही मिळाला नसता हे मी लिहून देईन. ज्यांना मासा हवाच आहे त्यांनी अ‍ॅबरडीनच्या सुपरमार्केटात जावं, तिथे रोज मिळतो.

सी ट्राउट म्हणजे काय आणि रात्री का?

सी ट्राउट आणि नदीतला साधा ब्राउन ट्राउट एकच जात, फक्त हा समुद्रात जाऊन खाऊन-पिऊन मोठा होऊन परत येतो. सामनसारखा ग्रीनलंडला जात नाही, किनाऱ्याच्या आसपासच राहतो. सामन अंडी घातल्यावर बहुतेक मरतात, सी ट्राउट मात्र वर्षानुवर्षं ये-जा करू शकतो. स्पेवर मेच्या सुमाराला यायला लागतात, जूनमध्ये भर.

भयंकर बुजरा मासा. दिवसा स्वच्छ पाण्यात डोहाच्या तळाशी झाडाच्या सावलीत गठ्ठ्यानं पडून राहतात, तुमची सावली पडली की गायब. अंधार पडला की तेच मासे उथळ पाण्यात बाहेर येतात. म्हणून रात्री. आता मे अखेरीला इथे सूर्यच साडेनऊच्या पुढे मावळतो, त्यानंतरही उजेड रेंगाळतो, त्यामुळे खरा अंधार पडेपर्यंत अकरा वाजतात, आणि तोपर्यंत पाण्याला हात लावायचा नाही. हे सगळ्यात अवघड! डोहात मासे पटापट उसळ्या मारतायत, ऐकू येतायत, आणि गिली बाकावर बसून पाइप साफ करतायत. समोरच्या काठावरच्या झाडांचा हिरवा रंग दिसेनासा झाला, नुसता काळा राहिला, वटवाघळं आली, की मग म्हणाले "जा". लवकर घुसलं तर पहिल्याच फेकीला सगळा डोह सावध होतो आणि रात्र फुकट.

टॉर्च पाण्यावर मारायचा नाही, लागलाच तर पाठ फिरवून. म्हणून दिवसा उजेडी येऊन डोह पाहून ठेवायचा, कुठे पाय टाकायचा, कुठे खड्डा, मागे कुठलं झाड. रात्री कानांवर आणि बोटांवर चालतं सगळं. लाइन डाव्या हाताच्या बोटांतून हळूहळू ओढायची, आणि मग अचानक एक झटका, काळजाचा ठोका चुकतो खरोखर. लागला की हा वेड्यासारखा उड्या मारतो, अंधारात फक्त धप्प धप्प ऐकू येतं आणि तो नक्की कुठे आहे कळत नाही. तोंड मऊ असतं त्यामुळे बरेच सुटतात. गुरुवारी रात्री माझ्या दोन फेकींत दोन लागले, एक सुटला, एक गिलींच्या जाळ्यात आला, तीन पौंडांचा असेल. धुकं पाण्यावर बसलं की संपलं, हवा पाण्याहून गार झाली, मासे बंद. गिली लगेच लाइन गुंडाळायला सांगतात, मी वाद घालत नाही.

सामन आणि सी ट्राउट वेगळे कसे ओळखायचे? सारखेच दिसतात की

शेपटीच्या मुळाला धरा, सामन हातात बसतो, सी ट्राउट निसटतो, कारण सामनची मनगटासारखी बारीक असते. सामनची शेपूट किंचित खाचेची, सी ट्राउटची सरळ कापल्यासारखी. सी ट्राउटचा जबडा डोळ्याच्या मागेपर्यंत जातो आणि अंगावर ठिपके जास्त, अगदी मधल्या रेषेच्या खालीही.

आणि एक तिसरा गडी म्हणजे केल्ट. गेल्या हिवाळ्यात अंडी घालून हडकलेला, समुद्राकडे परत निघालेला मासा. फेब्रुवारी-मार्चमध्ये हेच जास्त लागतात. चमकतातही, त्यामुळे नवखे नाचायला लागतात. डोकं मोठं, पोट खपाटीला, कल्ल्यांत किडे दिसले की केल्ट. कायद्यानंच सोडून द्यायचा, आणि हळुवार, बिचाऱ्यानं महिनोनमहिने काही खाल्लेलं नसतं.

रॉड, फ्लाय, कपडे काय लागतं?

सामनला दोन हातांनी धरायचा तेरा ते पंधरा फुटी रॉड. सी ट्राउटला एका हाताचा दहा फुटी पुरतो. फ्लाय म्हणजे केस, पिसं, चमकीचे धागे बांधलेला गळ. विली गन, कॅस्केड, अ‍ॅलीज श्रिम्प, सनरे शॅडो ही नेहमीची मंडळी, रात्री सी ट्राउटला स्टोट्स टेल. डबाभर घेऊन जाऊ नका, गिली त्यातलं काही न बघता स्वतःच्या टोपीतून एक काढून देतात. ती बांधतानाही बघण्यासारखं असतं, जाड बोटं, वाकडी नखं, पण गाठ जिभेनं ओली करून अशी अलगद ओढून बसवतात की नायलॉनला वळ पडत नाही, मग दोन्ही बाजूंनी हिसका देऊन बघतात आणि तेवढं करून पुन्हा कापून नव्यानं बांधतात. नवीन दिवस, नवीन गाठ.

छातीपर्यंतचे वेडर्स (पाण्यात उभं राहायचे जलरोधक बूट-पायघोळ), आत लोकरीचे थर, काठी, आणि फुगणारं लाइफ जॅकेट. पोहता येतं म्हणून जॅकेट नको म्हणणाऱ्यांना आमचे गिली पाण्यात उतरू देत नाहीत, बरोबरच आहे, स्पेचं पाणी गार आणि ओढ जबरदस्त. गॉगल हवाच, उन्हासाठी नाही तर वाऱ्यानं उलटी आलेली फ्लाय डोळ्यात जाऊ नये म्हणून. मे संपताना मिजेस म्हणजे चिलटं सुरू होतात, आणि गवतातून चालल्यावर गोचीड बघायची, लाइम रोग होतो त्यानं.

ती फेकायची स्टाइल शिकायला लागते का?

लागते. मागे झाडं, उंच काठ, त्यामुळे लाइन मागे भिरकावता येत नाही, म्हणून याच नदीवर एकोणिसाव्या शतकात स्पे कास्ट जन्माला आला, पाण्यावरच लाइनचा वळसा घालून पुढे सोडायची. आता जगभर याच नावानं चालतो. पहिल्या दिवशी जमत नाही, तिसऱ्या दिवशी खांदा दुखतो. जोर लावणाऱ्या दणकट पुरुषांना उलट उशिरा जमतं हे माझं निरीक्षण.

बायका जातात का तिथे?

हा प्रश्न मावशीचा. ब्रिटनमधला रॉडवर पकडलेला सगळ्यात मोठा सामन ६४ पौंडांचा, ७ ऑक्टोबर १९२२ ला टे नदीवर, पकडणारीचं नाव जॉर्जिना बॅलंटाइन, आणि तिचे वडील गिली होते. शंभर वर्षं उलटली, तो विक्रम अजून उभा आहे. पुढचा प्रश्न.

मासा लागला की काय करायचं?

काही नाही! हेच शिकायला वेळ लागतो. तलावातल्या माशाला आपण झटका मारतो, सामनला मारला की फ्लाय तोंडातून बाहेर. त्याला घेऊन वळू द्यायचं, रीलवरून लाइन जाऊ द्यायची, मग शांतपणे रॉड उचलायचा. "गॉड सेव्ह द किंग" मनात म्हणा आणि मग उचला असं जुने लोक सांगतात. मी "शुभं करोति"ची पहिली ओळ म्हणते, लांबी साधारण तेवढीच भरते.

घरी आणता येतो का? सामनचं कालवण कसं लागतं?

वर्षाच्या सुरुवातीपासून ३१ मार्चपर्यंत पकडलेला प्रत्येक सामन सोडलाच पाहिजे, असा अख्ख्या स्कॉटलंडला कायदा आहे. त्यानंतर नदीच्या ग्रेडवर, सरकार दरवर्षी नद्यांना तीन ग्रेड देतं, तिसऱ्या ग्रेडच्या नदीवर वर्षभर सोडायचाच. शिवाय बीटचे स्वतःचे नियम असतात. आमच्याकडे सगळे सोडतात, स्प्रिंगर तर नक्कीच. आणि रॉडवर पकडलेला मासा विकायला २००२ पासून बंदी आहे. दुकानातला स्कॉटिश सामन म्हणजे फार्मच्या पिंजऱ्यातला, त्याचं कालवण आईच्या पद्धतीनं आंबट-तिखट छान होतं, पण त्याचा या आठवड्याशी काही संबंध नाही.

सोडायचाच तर त्रास तरी कशाला देता?

हे मलाही टोचतं, खोटं कशाला बोलू. सामन खरोखर कमी झालाय. २०२३ च्या शेवटी ब्रिटनमधला अटलांटिक सामन आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत धोक्यात असलेली जात म्हणून गेला, आणि त्या वर्षी स्कॉटलंडमध्ये रॉडवर मिळालेल्या सामनची संख्या १९५२ पासूनच्या नोंदींमध्ये सगळ्यात कमी होती. समुद्रात गेलेली पिल्लं परत येण्याचं प्रमाण घटलंय, नद्या तापतायत, डोंगरावर बर्फ कमी पडतो. गरवणारे सगळे घरी बसले तर हे थांबेल का? मला वाटत नाही. झोपड्यांतल्या वह्या नसत्या तर किती घटलं हे सुद्धा कळलं नसतं. वरच्या ओढ्यांच्या काठी सावलीसाठी झाडं लावायला, वाहून गेलेले काठ बांधायला जो पैसा लागतो त्यातला बराच आमच्यासारख्यांच्या भाड्यातून येतो. आणि गोड्या पाण्यातला मोत्याचा शिंपला स्पेमध्ये अजून आहे, त्याची पिल्लं सामन-ट्राउटच्या पिल्लांच्या कल्ल्यांना चिकटून मोठी होतात, मासा गेला की शिंपलाही गेला. तरी ज्यांना पटत नाही त्यांच्याशी मी भांडत नाही.

लायसन्स, खर्च, टिप?

स्कॉटलंडमध्ये सरकारी रॉड लायसन्स नाही (इंग्लंडमध्ये आहे), पण ज्याच्या मालकीचं पाणी त्याची लेखी परवानगी लागते, विनापरवाना सामन गरवणं हा गुन्हा आहे. खर्चाचं म्हणाल तर नामांकित बीटवर चांगल्या मोसमात एका रॉडचा आठवडा हजारो पाउंडांत जातो. पण ग्रँटाउन, अ‍ॅबरलाउर इथे अँगलिंग असोसिएशनांचं पाणी आहे, बाहेरच्यांना तिकीट मिळतं आणि ते परवडतं, सुरुवात तिथूनच करा, फक्त तिथे बीटसारखा दिवसभर शेजारी उभा राहणारा गिली नसतो. टिप शनिवारी संध्याकाळी, हातात, थँक्यू म्हणून. मासा मिळाला नाही म्हणून कमी देऊ नका, रिकाम्या आठवड्यात गिलींना दुप्पट मेहनत पडते.

भारतातून किंवा दुसऱ्या देशातून सामान आणलं तर चालेल?

चालेल, पण पूर्ण वाळवून आणि निर्जंतुक करून. नॉर्वेच्या नद्यांमध्ये गायरोडॅक्टिलस नावाच्या बारीक परजीवीनं सामनची वाट लावलीय, तो अजून ब्रिटनमध्ये आलेला नाही, आणि ओल्या वेडर्सवरून येऊ शकतो. गिली विचारतातच की शेवटचं कुठे वापरलं.

बरोबर आलेल्यांनी, पोरांनी काय करायचं?

डिस्टिलरी बघा. लॉक गार्टनला ऑस्प्रे बघा, हे मासेखाऊ गरुड स्कॉटलंडमधून नाहीसे झाले होते, १९५०च्या दशकात तिथे परत आले. स्पे बेला नदीच्या तोंडाशी डॉल्फिन दिसतात, आणि टगनेटला १८३० सालचं बर्फघर आहे, हिवाळ्यात बर्फ साठवून त्यात सामन भरून लंडनला पाठवायचे. पोरं दोन तासांत कंटाळतात, मग झोपडीवर आणा, गिलींचा कुत्रा आहे.

पुढच्या वर्षी आम्हाला नेशील का?

चार रॉडचे चारही भरलेले आहेत, पण एखादा गळतो दरवर्षी. यायचंच असेल तर जानेवारीच्या आत सांगा आणि बुटाचा नंबर कळवा, गिलींच्या शेडमध्ये जास्तीचे वेडर्स आहेत पण सगळे दहा नंबरच्या वरचे.